निनादाचा हिशेब

स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी रंगीत तालमीसाठी आपण रिकाम्या सभागृहात शिरतो, तेव्हा एक गोष्ट हटकून जाणवते. रंगमंचावरून म्हटलेले वाक्य भिंतींवर आणि छतावर आपटून पुन्हा पुन्हा कानांवर येते. एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दात अडकते आणि मागच्या रांगेत बसलेल्याला नुसता गलबला ऐकू येतो. नाटक बसवणारा कपाळाला हात लावतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेच सभागृह माणसांनी फुलून जाते आणि तेच वाक्य, त्याच नटाच्या तोंडून, बरेच स्वच्छ ऐकू येते. भिंती त्याच, छत तेच. मग बदलले काय? समोर माणसे येऊन बसली, एवढेच. त्यांच्या अंगांनी आणि अंगावरच्या कपड्यांनी आवाजाचा मोठा भाग पिऊन टाकला.

कोणता पदार्थ किती आवाज पितो, हे मोजता येते आणि त्यावरून सभागृह बांधण्यापूर्वीच ते कसे वाजेल हे सांगता येते, ही गोष्ट आज कोणत्याही वास्तुशिल्पज्ञाला ठाऊक असते. पण सव्वाशे वर्षांपूर्वी ती कोणालाच ठाऊक नव्हती. ज्या एका माणसाने हा हिशेब प्रथम मांडला, त्याचे नाव वॉलेस क्लेमेंट सॅबाइन.

सॅबाइनचा जन्म १३ जून १८६८ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात रिचवूड या लहानशा गावी झाला. मुलगा अभ्यासात कमालीचा हुशार. वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी, १८८६ साली, तो ओहायो राज्य विद्यापीठाचा पदवीधर झाला. मुलांच्या शिक्षणाची विलक्षण ओढ असलेली त्याची आई ॲना हिचा त्याच्या जडणघडणीत मोठा वाटा होता. पुढे तो हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाला, १८८८ साली त्याने तेथे पदव्युत्तर पदवी घेतली आणि तेथेच पदार्थविज्ञान शिकवू लागला. डॉक्टरेट त्याने कधीच मिळवली नाही. विद्यार्थ्यांना तो मनापासून शिकवी, प्रयोगशाळेत रमे. परंतु संशोधक म्हणून त्याचे नाव अजून व्हायचे होते.

ते झाले एका बिघडलेल्या सभागृहामुळे. १८९५ साली हार्वर्डमध्ये फॉग कलासंग्रहालयाची नवी, देखणी इमारत उभी राहिली. तिच्यात व्याख्यानांसाठी एक मोठे दालन होते. पहिल्याच व्याख्यानांत ध्यानात आले, की येथे कोणाचेही बोलणे कोणालाही समजत नाही. वक्त्याने उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंदांपर्यंत दालनात घुमत राही. अगदी सावकाश बोलणारा वक्ताही तेवढ्या वेळात पुढची बारा-पंधरा अक्षरे उच्चारून मोकळा होई. ती सारी अक्षरे एकमेकांत मिसळून श्रोत्यांच्या कानांवर येत. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी हे दुखणे पदार्थविज्ञान विभागाकडे सोपवले आणि ते सत्तावीस वर्षांच्या सॅबाइनच्या वाट्याला आले.

त्या काळी सभागृहाचा आवाज हा नशिबाचा भाग समजला जाई. एखादे सभागृह चांगले साधले तर त्याची लांबी, रुंदी आणि उंची यांचे प्रमाण दुसरीकडे तसेच्या तसे उचलावे, एवढेच वास्तुशिल्पज्ञांना सुचत असे. आवाज बिघडला तर छताखाली आडव्या तारा ताणण्याचा उपाय करीत. त्या तारांनी काडीचाही फरक पडत नसे. तरी लोक ताणीत. निनाद किती वेळ टिकतो, हे कोणी मोजलेच नव्हते. मोजमाप नव्हते, म्हणून तर्क चालत आणि तर्क चालत, म्हणून चुका पुन्हा पुन्हा होत.

सॅबाइनने साधा विचार केला. विद्यापीठातच जवळ सँडर्स थिएटर नावाचे दुसरे सभागृह होते आणि त्याचा आवाज उत्तम होता. तेथल्या बाकांवर गाद्या होत्या. फॉगच्या दालनात मऊ असे काहीच नव्हते. मग सँडर्सच्या गाद्या फॉगमध्ये आणून पसरल्या तर? एकदम सगळ्या न आणता थोड्या थोड्या आणल्या आणि दर वेळी निनाद किती घटला ते मोजले तर?

पण दिवसा हे शक्य नव्हते. रस्त्यावरच्या ट्राम, घोडागाड्या, विद्यार्थ्यांची ये-जा यांच्या गोंगाटात मावळत्या आवाजाचा शेवटचा अंश ऐकू येणार कसा? म्हणून प्रयोग मध्यरात्रीनंतर सुरू होत आणि पहाटे संपत. सॅबाइन आणि त्याचे साहाय्यक रात्री सँडर्समधून गाद्या उचलून फॉगमध्ये नेत, मोजणी करीत आणि सकाळी लोक येण्यापूर्वी साऱ्या गाद्या पुन्हा जागच्या जागी ठेवीत. असे एखाद-दुसऱ्या रात्री नव्हे, तर कित्येक रात्री चालले.

उपकरणे थोडीच होती. हवेच्या टाकीला जोडलेली ऑर्गनची एक नळी, वेळ नोंदवणारे यंत्र आणि सॅबाइनचे स्वतःचे कान. ध्वनिक्षेपक आणि ध्वनिवर्धक यांचा जमाना अजून यायचा होता. आवाज संपला हे सांगणारे दुसरे साधन नव्हते. नळी वाजवायची, हवा बंद करायची आणि घुमणारा आवाज विरत विरत अगदी ऐकू येईनासा झाला की त्या क्षणी खूण करायची. हेच शेकडो वेळा. रिकाम्या दालनात निनाद साडेपाच सेकंदांहून किंचित अधिक टिके. गाद्या वाढत गेल्या तसतसा तो पाच, चार, तीन असा घटत गेला आणि दालन जवळजवळ गाद्यांनी भरून गेले तेव्हा सेकंदाहून थोडाच अधिक उरला.

या काळात घडलेली एक गोष्ट सॅबाइनच्या स्वभावावर लख्ख प्रकाश टाकते. मोजमापांत त्याला थोडी तफावत दिसू लागली. एरवी कोणी ती यंत्राची किंवा कानाची चूक म्हणून सोडून दिली असती. सॅबाइनने तिचा माग काढला आणि त्याला आढळले, की दोष त्याच्या स्वतःच्या अंगावरच्या कपड्यांत आहे. मोजणारा माणूसही दालनातच बसतो. त्याचे कपडेही आवाज पितात. आज जाड आणि उद्या पातळ कपडे घातले की उत्तर बदलते. झाले! जागून जमवलेली हजारो निरीक्षणे त्याने बाजूला सारली आणि ठरावीक कपडे घालून सारे काम पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. पुढे जेफरसन प्रयोगशाळेच्या तळघरात मोजमापे घेताना तर तो एका लाकडी पेटीत बसे. फक्त डोके बाहेर. हे चित्र डोळ्यांपुढे आणले की हसू येते. पण आपल्याच शरीराला संशयित म्हणून पेटीत बंद करणाऱ्या या माणसाची सचोटी पाहिली की ते हसू ओसरते.

गाद्यांनंतर त्याने इतर पदार्थ हाती घेतले. मात्र गादी हे माप जगभर चालणारे नव्हते. हार्वर्डची गादी पॅरिसमध्ये कोठून आणणार? म्हणून त्याने एक सुरेख एकक निवडले : उघडी खिडकी. खिडकीतून बाहेर पडलेला आवाज परत येत नाही, म्हणजे खिडकी सगळाच आवाज गिळते असे समजायला हरकत नाही. तिचा गुणांक १ धरला आणि बाकी पदार्थ तिच्याशी ताडून पाहिले. विटांच्या भिंतीचा गुणांक ०.०२५ निघाला, काचेचा ०.०२७, लाकडी पट्ट्यांवरच्या गिलाव्याचा ०.०३४, पाइनच्या लाकडी फळ्यांचा ०.०६१. म्हणजे विटांची भिंत तिच्यावर पडलेल्या आवाजाच्या शंभर भागांपैकी साडेसत्त्याण्णव भाग परत फेकते. गालिच्यांचा गुणांक ०.२०, तैलचित्रांचा ०.२८, भिंतीपासून थोडा दूर टांगलेल्या केसांच्या जाड नमद्याचा ०.७८ आणि दाटीवाटीने बसलेल्या श्रोतृवर्गाचा ०.९६! उघड्या खिडकीच्या सर्वांत जवळ येणारा पदार्थ म्हणजे माणसांची गर्दी. सुटा बसलेला एक माणूस साधारण अर्धा चौरस मीटर उघड्या खिडकीइतका आवाज पितो. घरातल्या कुंड्यांतील झाडांचाही गुणांक सॅबाइनने काढून ठेवला आहे.

एलियट यांना हे सारे लांबत चाललेले वाटू लागले. विद्यापीठाला एक दालन दुरुस्त करून हवे होते आणि हा तरुण प्राध्यापक अजून पुरावा पुरेसा नाही असेच म्हणत होता. अखेर १८९८ साली फॉगच्या भिंतींवर नमदा लावून ते दालन व्याख्यानांच्या उपयोगाचे करण्यात आले. ते फार उत्कृष्ट झाले असे नाही, पण वक्ता समजू लागला. एलियट यांच्या लेखी काम संपले होते. सॅबाइनच्या लेखी ते अर्धेच झाले होते. कारण आकडे हाती होते, पण आकड्यांना बांधणारे सूत्र नव्हते.

त्याच वर्षी बॉस्टन शहरात एक नवे संगीतगृह उभारण्याचे ठरत होते. बॉस्टन सिम्फनी वाद्यवृंदाचे संस्थापक हेन्री ली हिगिन्सन यांना त्याच्या आवाजाची काळजी होती आणि एलियट यांनी सॅबाइनचे नाव सुचवले. सॅबाइन कचरला. एका व्याख्यानाच्या दालनाला नमदा लावणे वेगळे आणि अजून न बांधलेल्या, हजारो श्रोत्यांच्या संगीतगृहाची हमी देणे वेगळे. सूत्रावाचून तो हो म्हणायला तयार नव्हता. तो आपल्या वह्या घेऊन बसला.

आणि २९ ऑक्टोबर १८९८ च्या संध्याकाळी त्याला ते दिसले. गाद्या आणि निनादाचा काळ यांचा आलेख तो वर्षानुवर्षे पाहत होता. तो आलेख गणितात ज्याला अपास्त म्हणतात त्या वक्ररेषेचा एक तुकडा होता. तुकडा अशासाठी, की उरलेला भाग त्या दालनाच्या भिंती, छत आणि जमीन स्वतः जो आवाज पितात त्याचा होता. गाद्यांच्या शोषणात दालनाचे हे मूळचे शोषण मिळवले की सगळे जुळले : एकूण शोषण आणि निनादाचा काळ यांचा गुणाकार नेहमी तेवढाच येत होता. एक दुप्पट झाले की दुसरे निम्मे. हर्षभरित होऊन त्याने ही बातमी पहिल्यांदा दिली ती घरात असलेल्या आपल्या आईला.

सूत्र इतके सोपे आहे, की कलाशाखेच्या विद्यार्थ्यानेही भिऊ नये. दालनाचे घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला एकूण शोषणाने भागा आणि ०.१६ ने गुणा. निनाद किती सेकंद टिकेल ते मिळते. समजा, एका सभागृहाचे घनफळ ३००० घनमीटर आहे आणि त्याच्या भिंती, छत, खुर्च्या मिळून १०० चौरस मीटर उघड्या खिडकीइतका आवाज पितात. निनाद ४.८ सेकंद टिकेल. आता तेथे ४०० श्रोते आणून बसवा. प्रत्येकाचे अर्धे, म्हणजे २०० ची भर पडली. एकूण ३०० झाले. निनाद १.६ सेकंदांवर आला. आपल्या तालमीच्या दिवसाचे आणि संमेलनाच्या दिवसाचे कोडे एवढ्यात सुटते.

सूत्र हाती आल्यावर सॅबाइनने हिगिन्सन यांना होकार कळवला. वास्तुशिल्पज्ञ मॅकिम, मीड आणि व्हाइट यांच्या मनात जर्मनीतील लाइपझिगच्या गेवांटहाउस या नामांकित संगीतगृहाचा नमुना होता. तो सर्व बाजूंनी वाढवून मोठा करावा, असा बेत होता. सॅबाइनने आकडेमोड करून दाखवले, की सगळी मापे सारख्या प्रमाणात वाढवली तर घनफळ भलतेच वाढेल, निनाद लांबेल आणि गेवांटहाउसचा गोडवा हरवेल. बॉस्टनच्या जुन्या संगीतगृहाप्रमाणे सज्जे दोन करावेत, लांबी आवरावी आणि वाद्यवृंदासाठी तिरप्या भिंतींची वेगळी खोबण करावी, असे ठरले. निनाद सुमारे २.३ सेकंद यावा असे त्याचे गणित होते. गेवांटहाउसचाही त्याने तेवढाच काढला होता.

१५ ऑक्टोबर १९०० रोजी बीथोव्हेनच्या मिसा सोलेम्निसने सिम्फनी हॉलचे उद्घाटन झाले. एखादे संगीतगृह आधी गणित मांडून आणि मग बांधून उभे राहण्याचा हा जगातला पहिला प्रसंग. येथे कथा सरळ यशाकडे जायला हवी होती. पण तसे झाले नाही. मते विभागली गेली. काहींना आवाज आवडला, तर काही टीकाकारांना तो दुबळा वाटला. आणखी एक गोष्ट पुढे उघड झाली : भरलेल्या संगीतगृहात निनाद प्रत्यक्षात सुमारे १.९ सेकंदच होता. सॅबाइनने श्रोत्यांचे शोषण डोकी मोजून काढले होते. पण श्रोते किती जागा व्यापून बसतात, यावर ते अधिक अवलंबून असते, हे पुढच्या पिढीतील संशोधकांना कळले. टीकेला सॅबाइनने जाहीर उत्तर दिले नाही. पुढच्या लेखनातही त्याने या वास्तूचा फारसा उल्लेख केला नाही. जो माणूस कपड्यांच्या फरकासाठी हजारो निरीक्षणे रद्द करतो, त्याला ही टीका किती लागली असेल याची कल्पना करता येते.

पण तो थांबला नाही. १९०२ साली बॉस्टनमधील न्यू इंग्लंड संगीत विद्यालयात त्याने आणखी एक सुंदर प्रयोग केला. वेगवेगळ्या आकारांच्या पाच खोल्यांत पियानो वाजवायचा, गाद्या आत-बाहेर करून निनाद बदलायचा आणि जाणकार संगीतज्ञांनी नेमका कोणत्या वेळी आवाज सर्वांत बरा वाटतो ते सांगायचे. त्यांना आकडे सांगितले नव्हते. मागाहून मोजले तेव्हा दिसले, की त्यांची पसंती सरासरी १.०८ सेकंदाच्या आसपास आश्चर्यकारक रीतीने एकवटली होती. रुची ही ज्याची त्याची, असे आपण म्हणतो. तयार कानांची रुची सेकंदाच्या लहानशा अंशापर्यंत जुळते, हे सॅबाइनने दाखवून दिले.

१९०५ साली तो हार्वर्डचा मानाचा हॉलिस प्राध्यापक झाला, पुढे उपयोजित विज्ञान शाखेचा प्रमुखही झाला. संसार १९०० सालीच सुरू झाला होता. पत्नी जेन केली व्यवसायाने डॉक्टर होती. कारभाराच्या धबडग्यातही त्याने सभागृहांच्या लहान प्रतिकृतींत ठिणगीने निर्माण केलेल्या ध्वनिलहरींची छायाचित्रे घेतली. राफाएल ग्वास्ताविनो या बांधकाम व्यावसायिकाच्या साथीने आवाज शोषणाऱ्या खास फरश्या तयार केल्या. न्यूयॉर्कच्या सेंट थॉमस चर्चमध्ये त्या बसवल्या गेल्या. इतक्या कामाच्या मानाने त्याने प्रसिद्ध केलेले लेखन थोडे आहे. पुरती खात्री पटल्याशिवाय तो छापायला देत नसे.

पहिल्या महायुद्धाने त्याला प्रयोगशाळेतून बाहेर ओढले. १९१६-१७ मध्ये तो पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात व्याख्याने देण्यास गेला, युद्धकार्यात पडला आणि परतल्यावर वॉशिंग्टनमध्ये विमाननिर्मितीच्या कामात गुंतला. वॉशिंग्टनचे काम आणि हार्वर्डचे वर्ग अशी त्याची सतत ये-जा चाले. मूत्रपिंडाचा विकार जडला होता. शस्त्रक्रियेची निकड होती. पण युद्ध चालू असता तो रजा घेईना. युद्धविराम १९१८ च्या नोव्हेंबरात झाला. १० जानेवारी १९१९ रोजी, शस्त्रक्रियेनंतर, सॅबाइन वारला. वय होते अवघे पन्नास. इलिनॉय राज्यातील जिनीव्हा गावी जॉर्ज फेबियन यांनी खास त्याच्यासाठी बांधलेली रिव्हरबँक ध्वनिप्रयोगशाळा नुकतीच तयार झाली होती. तिच्यात काम करणे त्याच्या नशिबी नव्हते. त्याचा नातलग पॉल सॅबाइन याने ते काम पुढे चालवले. त्याचे निबंध १९२२ साली एकत्र प्रसिद्ध झाले.

ज्या सिम्फनी हॉलच्या टीकेने त्याला मूक केले, तो आज जगातल्या सर्वोत्तम संगीतगृहांत गणला जातो. त्याच्या गणितात उणीव होती, पण वाट खरी होती. फॉगचे ते व्याख्यानदालन मात्र १९७३ साली पाडले गेले. ध्वनिशोषणाच्या एककाला आज ‘सॅबिन’ म्हणतात. कोणताही नवा पदार्थ किती आवाज पितो हे आजही निनाद-कक्षात तपासतात ते त्याच्याच रीतीने : रिकाम्या कक्षात आवाज विरण्याचा काळ मोजायचा, पदार्थ आत ठेवायचा आणि पुन्हा मोजायचे. कानाची जागा ध्वनिक्षेपकाने घेतली, एवढाच फरक.

ज्ञानासाठी मोठी यंत्रसामग्री लागते, पैसा लागतो, असे आपण सहज म्हणतो. सॅबाइनजवळ एक नळी, उसन्या आणलेल्या गाद्या आणि दोन कान होते. बाकी जे होते ते म्हणजे चिकाटी आणि आपल्याच आकड्यांवर संशय घेण्याचे धैर्य. पुढच्या संमेलनाच्या तालमीला रिकाम्या सभागृहात एकदा टाळी वाजवून पाहावी आणि ती विरेपर्यंत मनात अंक मोजावेत. दुसऱ्या दिवशी सभागृह भरले, की पहिली ओळ सुरू होण्यापूर्वी ती पुन्हा वाजवावी. दोन्ही वेळचे अंक वहीत टिपून ठेवावेत. सॅबाइनने आरंभ केला तो असाच.